बी.ए. मानसशास्त्र झालं, आता पुढचे पावणेचार लाख घालावेत का?

कलमवाली
१० सप्टेंबर २०२५, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते.

आम्ही देवगड तालुक्यातले. मोठी लेक रत्नागिरीत राहून बी.ए. करते, तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. धाकटा यंदा दहावीला. घरात येणारा पैसा म्हणजे हापूसची साठ कलमं, थोडे काजू आणि यांची सोसायटीतली नोकरी. पगारावर घर चालतं, मुलांचं शिक्षण आंब्यावर. यंदा मोहोर उशिरा आला, थ्रिप्सनं निम्मा खाल्ला आणि मे संपायच्या आत पाऊस उतरल्यामुळे उरलेला माल कॅनिंगला घालावा लागला. तेव्हा हातात काय राहिलं ते इथल्या बागायतदारांना सांगायला नको.

आमचं ठरलेलं होतं की बी.ए. झालं की लेकीनं घरी यायचं, एखाद्या शाळेत नाहीतर संस्थेत दहा-बारा हजारांवर लागायचं आणि इग्नूतून एम.ए. करायचं. फी झेपणारी होती, राहण्याजेवण्याचा खर्च नव्हता. आणि ऑगस्टमध्ये बातमी आली की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही, असं यूजीसीनं विद्यापीठांना कळवलं आहे. आमचा बेत तिथेच मोडला.

गणपतीला मुंबईहून दीर आले होते. आरती झाल्यावर सगळे पडवीत बसलेले असताना त्यांनी सरळ विचारलं, "एवढं सगळं घालून हिला पगार किती मिळणार?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, आजवर ते आमच्या अडीनडीला धावून आले आहेत. पण कोणालाच उत्तर देता येईना. लेक उठून आत गेली. मी तेव्हापासून वही घेऊन बसते आहे.

तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत झालेला खर्च असा: अनुदानित कॉलेज असल्यामुळे तीन वर्षांची फी २२,०००. खोली आणि डबा महिन्याला ६,५००, वर्षाचे दहा महिने धरून तीन वर्षांचे १,९५,०००. एसटी, पुस्तकं, झेरॉक्स १८,०००. एकूण २,३५,०००.

मुंबईला एम.ए.ला पाठवलं तर राहणं-जेवण १३,००० प्रमाणे बावीस महिन्यांचे २,८६,०००, फी अंदाजे ४५,०००, जाणं-येणं नि पुस्तकं ३५,०००. म्हणजे ३,६६,०००. एवढे घालून ती पायावर उभी राहील का? आणि राहील ती इथे, की कायमची मुंबईकर होईल? ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे त्यांनी कृपया स्पष्ट लिहा. मला धीर देऊ नका, आकडे द्या.

कातळसडा
१० सप्टेंबर, रात्री १०.३५

ताई, स्पष्ट मागितलंत म्हणून लिहितो. पाठवू नका. निदान आत्ता नको.

माझी पुतणी एम.ए. मानसशास्त्र झाली, चांगले गुण मिळवून. दोन वर्षं एका खाजगी शाळेत १४,००० वर होती, आता राजापुरात विमा कंपनीच्या कार्यालयात बसते. तिच्यात काही कमी नव्हतं. आपल्याकडे समुपदेशकाला पगार देणारी जागा नाही, एवढंच. त्यापेक्षा विशेष शिक्षणातलं बी.एड. बघा, नाहीतर समाजकार्यातलं एम.एस.डब्ल्यू. जाहिराती तरी निघतात.

अजून एक. तुमच्या हिशेबात एक रक्कम राहिली आहे. मुलगी ती दोन वर्षं बारा हजारांवर घरी राहिली असती तर २,८८,००० मिळवले असते. तेही खर्चातच धरा. मग आकडा साडेसहा लाखांवर जातो.

सुरंगी
११ सप्टेंबर, दुपारी २.१५

कलमवालीताई, मी हा रस्ता चालले आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात, काम चिपळूण आणि रत्नागिरीत, नऊ वर्षं झाली. आकडे मागितलेत, तर माझे देते.

पुण्यात २०१४ ते २०१६ एम.ए. केलं. तेव्हाच्या भावात सगळं मिळून २,४०,००० लागले, त्यातले दीड लाख बाबांनी पीएफमधून काढले होते. पहिली नोकरी संस्थेत, ११,०००. त्यातले ४,००० खोलीला. दोन वर्षांनी शाळेत १६,०००. बाबांचे पैसे मी परत केले ते सहाव्या वर्षी, आणि तेही लग्न लांबवलं म्हणून.

आज दोन शाळा करते. एक १४,००० देते, दुसरी ९,०००. दोन्ही वर्षाचे दहाच महिने देतात, म्हणजे २,३०,०००. शनिवारी आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत माणसं बघते, महिन्याला साधारण पंचवीस भेटी, ५०० प्रमाणे १२,५००. खोलीचं भाडं ३,००० वजा जाता ९,५००, वर्षाचे १,१४,०००. एकूण ३,४४,०००. आता त्यातून असा एक खर्च वजा करा जो कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. महिन्यातून दोनदा मी एका ज्येष्ठ मानसतज्ज्ञांकडे माझ्या केसेस घेऊन बसते, ऑनलाइन, दर वेळी १,५००. वर्षाचे ३६,०००. कोणाच्या आत्महत्येच्या विचारांशी एकटीनं झुंजायचं तर कोणीतरी अनुभवी आपल्याही पाठीशी लागतं, हा खर्च मी कधीही वाचवणार नाही. हातात उरतात ३,०८,०००. महिन्याला २५,६०० च्या आसपास, नऊ वर्षांच्या अनुभवानंतर.

कातळसडा यांच्या पुतणीचं वाचून वाईट वाटलं, पण ते खरं आहे. माझ्या वर्गातल्या बाविसातल्या आम्ही सातजणीच या कामात उरलोय.

पण पगाराच्या आकड्याच्या आत काय आहे तेही ऐका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. तेव्हा कोरोनामुळे शाळा बंदच होत्या, नंतर वर्ग भरले तेव्हा मुलं पावसाची सर आली की दप्तर आवरायला लागायची. एक चौथीतला मुलगा पोटमाळ्यावर चढून बसायचा, जेवायलाही उतरायचा नाही. त्याआधी मी शाळेत जायची तेव्हा "मॅडम, वेड्यांना तपासता ना तुम्ही?" असं शिपाईसुद्धा विचारायचे. पुरानंतर मुख्याध्यापक स्वतः घरी आले. आज त्या शाळेत माझी खोली आहे, दाराला पडदा आहे, पालक वेळ घेऊन येतात. इथे जागा तयार मिळत नाही, ती करावी लागते. करायला पाच-सहा वर्षं लागतात आणि तेवढा काळ घरच्यांना दम धरावा लागतो. तुमचा खरा प्रश्न इथे आहे. पावणेचार लाख घातल्यावर पुढची पाच वर्षं लेकीकडून काहीही न मागता राहता येईल का? येत असेल तर पाठवा.

खातेवही
११ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०५

मी बँकेतून निवृत्त झालो, शैक्षणिक कर्जं बरीच वर्षं हाताळली. म्हणून तेवढंच सांगतो.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत, आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार व्हावं लागतं. हप्ता अभ्यासक्रम संपून साधारण वर्षानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं हे लोक विसरतात. समजा ४ लाख, १० टक्के, सात वर्षं. हप्ता ६,६०० च्या वर. पाच लाख घेतलेत तर ८,३०० आणि सात वर्षांत सात लाखांच्या जवळ परत जातात.

आता सुरंगीताईंच्या आकड्याशेजारी हे ठेवा. पहिला पगार १८,००० मिळाला असं चांगलं धरलं, तरी चार लाखांच्या कर्जानंतर हातात ११,४०० उरतात. एवढ्यात मुंबईत खाट मिळते, जेवण नाही. म्हणजे कर्ज घेतलंत तर पहिली नोकरी घरून जाता येईल अशीच धरावी लागेल. हे आधीच मनात असू द्या.

माझा सल्ला असा की कर्ज दीड लाखाच्या वर नेऊ नका. आणि ते सत्रासत्राला उचला, एकदम नको, कारण व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. शिक्षण चालू असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर मुद्दल फुगत नाही. दीड लाखावर ते महिन्याला बाराशे-साडेबाराशे होतं, एवढं आंब्याच्या वाईट वर्षातही जमतं.

पीक कर्जाचा पैसा फीला वळवू नका. हे कळकळीनं सांगतो. आमच्या शाखेत तसं केलेली दोन घरं मी जवळून पाहिली. एक वर्ष बाग गेली की फवारणीलाही पैसा राहत नाही, मग पुढचंही वर्ष जातं.

अबोली
११ सप्टेंबर, रात्री ११.२०

मी मूळची लांज्याची, ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि औषधांशिवाय उपचार करते. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून रात्रीच बसले.

"एम.ए. मानसशास्त्र" ही एकच पदवी नाही. एम.ए. समुपदेशन, औद्योगिक, सामाजिक, क्लिनिकल, सगळ्यांच्या पुढे मानसशास्त्रच लिहिलेलं असतं आणि पालकांना वाटतं की कुठलंही केलं तरी मुलगी डॉक्टरसारखी बसेल. तसं नाही. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो, तिच्या १९९२ च्या कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. नाव नसताना ते काम केलं तर कायद्यात एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच पात्रतेवर उभी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी पदं असतात, तिथे हीच नोंदणी विचारतात. मुलाचा बुद्ध्यांक तपासून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अहवाल द्यायचा तर सही नोंदणीवाल्याची लागते.

माझ्या वेळी वाट ठरलेली होती. एम.ए., मग दोन वर्षांचं रुग्णालयातलं एम.फिल. यूजीसीनं २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला आणि मनोविकार समाजकार्याला तेवढी मुदतवाढ मिळाली, ती २०२५-२६ पर्यंतची. ताईंची लेक एम.ए. होईल २०२८ ला. म्हणजे "आधी साधं एम.ए. करू, एम.फिल.चं पुढे बघू" हा माझ्या पिढीचा सल्ला तिला देऊ नका. कोणी दिला तर ऐकू नका.

आरसीआयनं नवी शिडी आणली आहे. चार वर्षांचं बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी ऑनर्स, दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि वर साय.डी. ही डॉक्टरेट. तेव्हा फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारायच्या. तुमची संस्था याच अभ्यासक्रमासाठी आरसीआयच्या मान्यता यादीत आहे का, आणि हे केल्यावर माझ्या मुलीची नोंद कोणत्या नावाखाली होईल. कागदावर उत्तर देत नसतील तर तिथून उठायचं. मी पाहिलेल्या एका खाजगी संस्थेनं वर्षाला दोन लाखांप्रमाणे फी घेतली, भिंतीवर "क्लिनिकल" लिहिलं होतं आणि मान्यता नव्हती. त्या मुली आज पुन्हा पहिल्या पायरीवर उभ्या आहेत. या क्षेत्रात बी.ए.चे पैसे सहसा वाया जात नाहीत, ते स्वस्त असतं. पैसे बुडतात ते एम.ए. आणि नोंदणी यांच्या मधल्या जागेत.

माझा आकडा: ठाण्यात रुग्णालयाचा पगार आणि संध्याकाळचं काम धरून महिन्याला सत्तर हजारांच्या आसपास, अकरा वर्षांनंतर. पहिली तीन वर्षं २८ ते ३२ हजार होते. एम.फिल.च्या दोन वर्षांत सरकारी संस्थेत असल्यामुळे विद्यावेतन मिळालं, नाहीतर मला झेपलंच नसतं. लांज्याला परत यायची इच्छा दर गणपतीला होते. अजून हिंमत झालेली नाही.

बंदरावरचो
१२ सप्टेंबर, सकाळी ६.४०

माका ह्यो पगाराचो हिशेब कळना नाय, पण एक सांगूचा आसा. माझो झील आता नऊ वर्षांचो. अडीच वर्षांचो होतो तरी बोला नाय होतो. सगळे म्हणत, बोलतलो, घाई कित्याक करतास. कोणी देवाक कौल लावूक सांगितल्यान, ता पण केलंव. गाऱ्हाणा घातला, दोन ठिकाणी जावन इलंव, सोळा-सतरा हजार गेले. मनाक आधार होयो होतो, म्हणून कोणाक दोष देवचंय नाय.

मग कुडाळच्या डॉक्टरान सांगितल्यान की तपासणी करा. कोल्हापुराक गेलंव. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. तेव्हापासून चार वर्षा म्हयन्यातून दोनदा मालवण ते कोल्हापूर. सकाळी पाचक निघाचा, रातीक दहाक घराक. फी ८००, गाडीभाडा नि खाणा धरून आणखी १,२००. म्हणजे म्हयन्याक चार हजार. आणि त्या दोन दिवसांची माझी मजुरी गेली ती येगळी.

ताईनू, तुमचा चेडू मालवणात नाय तर कुडाळात बसला आणि ८०० घेतल्यान तर मी आनंदान देईन. माझे बाराशे वाचतले आणि झील गाडीत ओकूचो नाय. आमच्या वाड्यार असली आणखी तीन पोरा आसत. दोघांक अजून कोणी तपासूकच नेला नाय.

फक्त एक ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आसता. त्या दोन म्हयन्यांत आमच्याकडे पैसो नसता. तेव्हा फी थांबवूची लागतली. नारळी पुनवेनंतर देतलंव, बुडवूचंव नाय.

कातळसडा
१२ सप्टेंबर, सकाळी ९.१०

बंदरावरचो दादा, तुमचं वाचून परवा लिहिलेलं पुन्हा वाचलं. गरज नाही असं मी म्हटलं नव्हतं, पण पैसे देणारं कोणी नाही असं नक्की म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. तुम्ही महिन्याला चार हजार देतच आहात, त्यातले चोवीसशे गाडीभाड्यात जातायत.

तरी ताईंना एवढं विचारतो. असे पालक एका तालुक्यात किती? वीस? पंचवीस? त्यांच्यावर एक घर चालेल का? दोन महिने बंदी, मे महिन्यात सगळे आंब्यात, गणपतीत पंधरा दिवस कोण येणार नाही. वर्षाचे आठ महिनेच काम धरावं लागेल.

सुरंगी
१२ सप्टेंबर, दुपारी १.३०

कातळसडा, वर्षभर सारखं काम नसतं हे बरोबर आहे. माझ्या वहीतही मे आणि गणपतीचे पंधरवडे रिकामेच असतात. जून-जुलैत मात्र शाळा उघडलेल्या असल्यामुळे पालक येतात. म्हणूनच नुसत्या भेटींवर कोकणात कोणी राहू नये, एक ठरलेली कमाई आणि त्याला जोडून स्वतःचं काम असं धरावं. ठरलेल्या कमाईच्या बाजूला अलीकडे एक घडलं आहे. यंदा २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. शंभराखालच्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. आपल्याकडच्या कितीतरी वाडीवरच्या शाळांचा पट पन्नासच्या आत आहे, पण तालुक्याच्या गावची हायस्कुलं, कॉलेजं, कोचिंग क्लास शंभराच्या वर सहज जातात. अंमलबजावणी किती होईल ते दिसेलच. मी माझ्या दोन्ही शाळांना त्याची प्रत नेऊन दिली आणि नऊ हजारवाल्या शाळेनं पहिल्यांदा पगाराची फाईल वर पाठवली.

शिवाय रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपलं. आमच्या लहानपणी "रत्नागिरीला नेऊन घालू" ही धमकी असायची. तुमच्या लेकीला मी म्हणेन की शेवटचं वर्ष संपायच्या आत तिथे प्राध्यापकांमार्फत परवानगी काढून भेट दे. खरा रुग्ण समोर बसल्यावर आपल्याला हे काम करायचं आहे का ते एका दिवसात कळतं, आणि त्याला एसटीचं तिकीट एवढाच खर्च आहे. माझ्याबरोबरची एक मैत्रीण तशी भेट देऊन आली आणि तिनं वाट बदलली. आज ती बँकेत आहे, आनंदात आहे. तिचे एम.ए.चे दोन लाख वाचले.

तासिका
१२ सप्टेंबर, रात्री ८.४५

शिकवण्याची वाट कोणी सांगितली नाही म्हणून थोडक्यात. मी सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा, पास झालो, सहा वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतो. कायम जागा निघालेली पाहिली नाही. मानधन वर्षातून दोन-तीनदा एकदम येतं, मधले महिने उसनवारीवर. "एम.ए. करून प्राध्यापक होईल" असा हिशेब कृपया मांडू नका.

हां, नेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर वेगळी गोष्ट. महिन्याला ३७,००० आणि घरभाडं, संशोधनाची वर्षं तरी निभतात. मुलगी अभ्यासात पुढे असेल तर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी करू द्या.

कलमवाली
१३ सप्टेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदरावरचो भाऊ, तुमचं लिहिणं मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या मामाचं काय झालं होतं ते आता कळतंय. मामांचा विषय आमच्या घरात तीस वर्षांत निघाला नव्हता.

काल लेकीला फोन केला, धागा पाठवला. ती तिसऱ्या वर्षाला असूनही आरसीआयचं तिला अर्धवटच माहीत होतं, वर्गातल्या बहुतेकींना तेवढंही नाही. अबोलीताई, तुमचे दोन प्रश्न तिनं लिहून घेतले.

मी वही पुन्हा मांडली. बाजू बदलून. आधी खर्च लिहिला होता, आता लेकीकडे काय-काय येईल ते लिहिलं. पहिलं वर्ष १८,००० धरलं, तिसऱ्या वर्षी २२,०००, पाचव्या वर्षी २५,०००, शाळांचे दहाच महिने. ती इथे घरी राहिली तर खोलीभाडं नाही, डबा नाही. मुंबईत ३०,००० मिळाले तरी राहण्याजेवण्याला पंधरा जाणार, म्हणजे हातात पंधराच. इथले अठरा दहाच महिने मिळाले तरी वर्षाला तेवढेच पडतात, हे आधी डोक्यात आलंच नव्हतं. दिरांनाही हा हिशेब फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, राहायची सोय मी बघतो, डोंबिवलीला आमच्याकडे राहू दे. रोजचा लोकलचा प्रवास तिला झेपेल का माहीत नाही, पण ते म्हणाले म्हणून डोळ्यांत पाणी आलं. महिन्याचे तेरा हजार होते तिथे पास नि वरखर्च धरून तीन हजार होतील. बावीस महिन्यांत २,२०,००० वाचतात. मग उरतो १,४६,०००. खातेवहीकाका, तुमच्या दीड लाखाच्या आत.

पण तो आकडा विद्यापीठातल्या फीचा आहे. आरसीआयच्या मान्यतेचं एम.ए. खाजगी ठिकाणी मिळालं तर फीच वर्षाला दीड-दोन लाख म्हणतात. मग काय करायचं? आधी साधं एम.ए. समुपदेशन करून काम सुरू करावं, की एक वर्ष थांबून मान्यतेच्या जागेसाठी प्रयत्न करावा?

अबोली
१३ सप्टेंबर, रात्री ११.४०

ताई, हे दोन वेगळे व्यवसाय आहेत असं समजून निवडा. शाळेतलं, कॉलेजातलं, कुटुंबातलं समुपदेशन करायचं असेल तर चांगल्या विद्यापीठ विभागातलं एम.ए. पुरतं. कलिनाला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे टीआयएसएसमध्ये, क्लिनिकल आणि समुपदेशन असं उपयोजित मानसशास्त्राचं एम.ए. आहे. टीआयएसएसला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते, फॉर्म डिसेंबर-जानेवारीत निघतात. समुपदेशकांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिक कायदा आला आहे, आज ना उद्या त्यांचीही नोंदणी होणार. म्हणून प्रत्यक्ष रुग्णतास भरपूर देणारा अभ्यासक्रम बघा आणि त्या तासांच्या सह्यांचे कागद जपून ठेवायला सांगा.

बंदरावरचो यांच्या मुलासारख्या मुलांची तपासणी आणि प्रमाणपत्र हे काम करायचं असेल तर मान्यतेशिवाय दुसरा रस्ता नाही, थांबावं लागलं तरी. थांबायचं ते वर्ष रिकामं घालवू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन घेणारे समुपदेशक लागतात, संस्थांमध्ये सहायक लागतात. दहा-बारा हजारच मिळतील, पण मुलाखतीत तेच विचारतात.

कोणतं काम करायचं ते आईनं किंवा काकांनी ठरवू नये. तिला विचारा.

कलमवालीची लेक
१४ सप्टेंबर, दुपारी ४.०५

नमस्कार. आईच्याच धाग्यावर लिहिते, चालेल ना?

परवा मी आमच्या सरांना विचारलं. मनोरुग्णालयाच्या भेटीसाठी कॉलेजचं पत्र द्यायला ते तयार आहेत, आम्ही चौघी जाणार आहोत. गेल्या वर्षी सुट्टीत आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत मी महिनाभर बसत होते. तिथे एक मुलगा होता, हाक मारली तरी बघायचा नाही, सगळे त्याला बहिरा समजायचे. मी त्याच्या मागे डबा वाजवला तर दचकला. मला तेव्हाच काहीतरी करावंसं वाटलं, पण काय करायचं आणि त्याच्या आईला कोणत्या शब्दांत सांगायचं ते माहीत नव्हतं. मी काहीच बोलले नाही. तो आता पाच वर्षांचा झाला असेल.

मला तपासणीचं काम करायचं आहे. म्हणजे मान्यतेचीच वाट. पहिल्या वर्षी जागा नाही मिळाली तर घरी येऊन काम करीन आणि पुन्हा बसेन, बाबांना तसं सांगितलं आहे. ते म्हणाले, दोन वर्षं बघू, बाग आहे तोवर घाबरू नको.

बंदरावरचो काका, तुमच्या वाडीतल्या त्या दोन मुलांना अजून तपासायला नेलं नाही असं तुम्ही लिहिलंत. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असेन, आणि देवगडहून मालवण फार लांब नाही. मला तपासता येणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण त्यांच्या आईबाबांबरोबर कोल्हापूरला जायला, फॉर्म भरायला, यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं बघायला सोबत येऊ का?

बंदरावरचो
१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.५०

ये गो बाय. भाऊबीजेनंतर ये. मी त्यांच्या घराक आधी सांगून ठेवतंय. पहाटेची पाचची गाडी आसा, आदल्या रातीक आमच्याकडेच रव.